बटण चुकलं, पाणंद सुटली

टेबलावरचा माऊस कुणी हात न लावता पडद्यावरचा बाण पळवायला लागला, तेव्हा लालासाहेबांनी तोंडाला लावलेला चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि खुर्ची मागं सरकवली.

“अक्षता, ह्याला कोण चालवतंय?”

“कोण न्हाई ओ साहेब. मीच सोडलाय.”

“सोडलाय? बैल हाय व्हय सोडायला?”

“मॅक्रो म्हणतात त्याला. एकदा मी जिथं जिथं क्लिक केलं, ते त्यानं बघून ठेवलं. आता तेच ते परत परत करत बसणार.”

“नकला करतंय म्हण की.” लालासाहेब जरा पुढं वाकले. “मग माकडच की हे.”

त्या दिवसापासून जांभूळमळ्याच्या गट ऑफिसात मॅक्रोला कुणी मॅक्रो म्हटलं नाही.

गट ऑफिस म्हणजे साखर कारखान्याची आष्ट्याच्या पुढची एका खोलीची शाखा. त्या टापूतल्या उसाच्या नोंदी, तोडीचा क्रम, ऊसतोड मजुरांच्या टोळ्यांची पाठवणी हे सगळं तिथून चाले. लालासाहेब तिथले गटप्रमुख. स्वभावानं गरीब, पण आपण गरीब आहोत हे कुणाला कळू नये म्हणून सकाळपासून कपाळाला आठ्या घालून बसत. अक्षता तिथली कॉम्प्युटर ऑपरेटर. माधवनगरहून रोज स्कूटरवर येई. नोकरी हंगामी होती. हंगाम संपताना लालासाहेबांनी वर दोन बरे शब्द टाकले तर कायम होण्याची आशा, नाहीतर पुन्हा पुढच्या दिवाळीची वाट.

यंदा कारखान्यानं नवं सॉफ्टवेअर आणलं होतं. एकेका शेतकऱ्याचं नाव उघडायचं, नोंद बघायची, बटण दाबायचं, की शेतकऱ्याच्या मोबाइलवर संदेश. बटणं दोनच होती. वरचं ‘तोड उद्या’ आणि त्याला अगदी खेटून खालचं ‘नोंद मिळाली’. ज्यानं हे बनवलं त्याचा उसाशी संबंध रसवंतीपुरताच आला असावा. कारण ‘नोंद मिळाली’ हा संदेश आला तर जांभूळमळ्यात माणूस तो न वाचताच मोबाइल खिशात घालतो, आणि ‘तोड उद्या’ आला तर पंगतीतनं उठून शेतावर जातो. असले दोन संदेश शेजारी बसवू नयेत, हे गावातल्या शेंबड्या पोराला कळलं असतं.

अक्षताला सध्या फक्त खालचं बटण दाबायचं होतं. सगळ्या गटाला नोंद मिळाल्याचं कळवायचं होतं. नाव उघड, दाब, बंद कर. नाव उघड, दाब, बंद कर. मनगट सुजलं. आईनं त्याला बाम लावून फडकं बांधलं. फडकं बघून लालासाहेब म्हणाले, “ऊस तोडणारीचा हात एवढा दुखत न्हाई.” त्याच रात्री तिनं कुठूनसा तो माऊसच्या नकला करणारा प्रोग्रॅम मिळवला.

माकड पहिल्या दिवशी चांगलं वागलं. दुसऱ्या दिवशी त्यानं गुण दाखवायला सुरुवात केली.

झालं असं की सॉफ्टवेअर होतं मंद आणि माकड होतं उतावीळ. नावाची खिडकी उघडायच्या आत माकड क्लिक मारून मोकळं. खिडकीच नाही म्हटल्यावर तो क्लिक पडे मागच्या पडद्यावर, आणि तिथं नेमका लालासाहेबांच्या नातीच्या बारशाचा व्हिडिओ ठेवलेला. ऑफिसात टोळीवाले मुकादम, ट्रॅक्टरवाले, दोनचार शेतकरी बसलेले, आणि एकाएकी भोंग्यासारखा पाळणा सुरू झाला. त्यातही बाळाला कुशीत घेऊन डोलणारे लालासाहेब. डोक्याला फेटा, डोळ्यांत पाणी.

“साहेब, लय हळवं हायसा की तुमी,” मुकादम म्हणाला.

लालासाहेबांच्या आठ्या त्या दिवशी कुणी मनावर घेतल्या नाहीत. अक्षतानं व्हिडिओ दुसरीकडं हलवला आणि माकडाला प्रत्येक क्लिकनंतर थोडं थांबायला शिकवलं.

मग नवीनच सुरू झालं. सकाळी माकड सुरळीत चाले, मधेच अडखळे, पुन्हा चाले. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी तर त्याला उभंच राहता येईना. अक्षता पडद्याकडं टक लावून बसली, तेव्हा तिला चोर दिसला. कोपऱ्यातून एक पिवळी खिडकी टपकन वर येई, ‘विजेचा दाब कमी झाला आहे’ असं सांगे आणि नेमकी बटणावर बसे. माकड बिचारं त्या पिवळ्या खिडकीलाच टोचत राही. दाब कमी का होतो म्हणून तिनं कान टवकारले, तर भिंतीपलीकडून घर्रर्र आवाज आला. शेजारी नाथाजीची पिठाची चक्की होती. चक्की सुरू झाली की वीज बसे, वीज बसली की खिडकी उठे.

ती तडक चक्कीत गेली. नाथाजी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होऊन उभा होता.

“तात्या, जरा वेळ चक्की बंद ठेवता का? आमचं काम अडकतंय.”

“आमच्या चक्कीनं तुमचं काम कसं अडकल, मॅडम?”

“तुमची मोटर सुरू झाली की आमच्याकडं खिडकी उघडती.”

नाथाजीनं भिंतीकडं बघितलं. भिंतीला खिडकी नव्हती. त्यानं अक्षताकडं काळजीनं बघितलं. “उन्हातनं आला व्हय? पानी पिता?”

त्याला पटवायला बराच वेळ लागला. शेवटी तो म्हणाला, “दुपारी जेवाण झाल्यावर ठेवतो घटकाभर बंद. पर बायका दळान घिऊन येत्यात त्या वरडत्यात. त्यास्नी तुमीच सांगायचं. हितं बसून.”

म्हणून त्या दुपारी अक्षतानं माकड सोडलं आणि स्वतः चक्कीच्या दारात जाऊन दळणवाल्या बायकांची समजूत घालत बसली. बिघाडाचं मूळ आपण पकडलंय, त्याच्या मानेवर आपण बसलोय, अशी तिची पक्की खात्री होती.

ऑफिसात त्या वेळी लालासाहेब एकटे होते. त्यांना माकडाची मजा बघायची होती. ते अक्षताच्या खुर्चीत बसले, पण अक्षरं मुंगीएवढी, त्यांना काही लागेना. चष्म्याचा नंबर वाढला होता, पण हंगामात डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायला कुणाला सवड आहे? कंट्रोलचं बटण दाबून धरायचं आणि माऊसचं चाक फिरवायचं, की अक्षरं मोठी होतात, एवढं एक त्यांना त्यांच्या जावयानं शिकवलं होतं. शिकवलेलं वापरायची संधी फार दिवसांनी आली. माकड दोन क्लिकांच्या मधे थांबलेलं बघून त्यांनी चाक फिरवलं. अक्षरं टपोरी झाली. डोळ्यांना गार वाटलं.

अक्षरं मोठी झाली तशी पडद्यावरची सगळी मांडणी खाली सरकली. जिथं ‘नोंद मिळाली’ होतं, तिथं आता वरचं बटण येऊन बसलं. माकडाला वाचता येत नव्हतं. त्याला जागा ठाऊक होती. त्या जागेवर ते इमानेइतबारे दाबत राहिलं आणि दर वेळी खाली हिरव्या अक्षरांत ‘संदेश गेला’ असं उमटत राहिलं. ते टपोऱ्या अक्षरांत वाचून लालासाहेब समाधानानं मान डोलवत होते.

चक्कीच्या दारात नाथाजीच्या बंडीच्या खिशात मोबाइल वाजला. त्यानं पिठाचा हात धोतराला पुसला, मोबाइल लांब धरून वाचला, आणि तो एकदम ताठ झाला.

“तोड! उद्या!”

“खरं, तात्या? बरं झालं की,” अक्षता म्हणाली. तिला खरंच आनंद झाला.

नाथाजी चक्की उघडी टाकून पळत सुटला. रांगेतल्या एका बाईचा मोबाइल वाजला. मग दुसरीचा. “आमची बी उद्याच!” “आगं बया, आमची बी!” बायकांनी दळणाचे डबे तिथंच ठेवले आणि वाटेला लागल्या. रस्त्यापलीकडच्या माडीवरून फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार राजाराम खणखणीत आवाजात ओरडले, “ऑर्डर आली रं! आपली तोड उद्या सकाळी!”

अक्षता पळत ऑफिसात आली.

“ये ये,” लालासाहेब म्हणाले. “लय झ्याक चाललंय माकड. अक्षरं तेवढी जरा मोठी केली मी.”

अक्षतानं पडदा बघितला आणि सरळ भिंतीवरचा प्लग उपटला. पण यादी संपत आली होती. जांभूळमळ्यातल्या जवळजवळ प्रत्येक ऊसवाल्याला कळलं होतं: ‘आपल्या उसाची तोड उद्या सकाळी आहे. ट्रॅक्टर-ट्रॉली शेतापर्यंत येईल एवढी वाट मोकळी ठेवावी. वाट नसल्यास तोड रद्द करून हंगामाच्या शेवटी धरली जाईल.’

“साहेब, सगळ्या गावाला उद्याची तोड दिली आपण.”

लालासाहेबांनी आधी तिच्याकडं बघितलं, मग पडद्याकडं. पडदा काळा होता. “टोळ्या किती हायत आपल्याकडं?”

“एक.”

“मग चुकून गेला म्हणून परत संदेश पाठव.”

“तसलं बटण न्हाई साहेब. दोनच हायत.”

त्यांनी एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. सगळे फोन व्यस्त. जो तो ट्रॅक्टरवाल्याला, जेसीबीवाल्याला, पाव्हण्यांना फोन लावत होता. शेवटी लालासाहेबांनी छातीवर हात ठेवला, “मला जरा घामटल्यासारखं वाटतंय,” म्हणाले आणि घरी गेले. जाताना दारातून म्हणाले, “तू काय घाबरू नको. लोक मेसेज एवढं मनावर घेत न्हाईत.”

लोकांनी किती मनावर घेतलं ते कळायला जांभूळमळ्याच्या पाणंदीबद्दल थोडं सांगायला हवं. मुख्य रस्त्यापासून शिवारात आत जाणारी ही वाट कागदावर दोन बैलगाड्या सहज जातील एवढी रुंद होती. प्रत्यक्षात तिच्यातनं सायकलवर जाताना हँडल तरी घासे, नाहीतर कोपर तरी. तोंडाशीच नाथाजीनं म्हशीचा गोठा घातला होता. त्यानं गोठा घातला म्हणून समोरून सुभेदार राजारामांनी काटेरी तार ओढली. त्यांनी तार ओढली म्हणून पुढच्यांनी कुणी केळी लावल्या, कुणी बांध सरकवला. नाथाजी आणि सुभेदार एकमेकांचे चुलतभाऊ, पण गोठ्यापासून दोघांत बोलणं नव्हतं. एकाच्या घरचं लग्न दुसरा माडीवरून बघे. तहसीलदारांच्या नोटिसा येत. त्या वाचून होत आणि त्यांच्यावर भडंग खाऊन होई.

या सगळ्यात मरण होतं ते पाणंदीच्या पार टोकाला असलेल्या बनुबाईचं. नवरा नाही, लेकी सासरी. ऊस चांगला पिकवायची, पण ट्रॅक्टर आत येत नाही म्हणून टोळ्या तिचं नाव काढत नसत. सगळ्यांचं झाल्यावर, उन्हाळा लागल्यावर तिचा वाळका ऊस डोक्यावरून मोळ्या वाहून रस्त्यापर्यंत न्यावा लागे. तिनं भांडूनही बघितलं होतं आणि पाया पडूनही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षता स्कूटरवरून गावात शिरली ती मनातल्या मनात राजीनाम्याचा मजकूर जुळवत. चक्कीपाशी आली आणि तिनं ब्रेक दाबला. चक्कीच्या दारात म्हैस बांधलेली होती. म्हणजे गोठा?

गोठा नव्हता. गोठ्याचे पत्रे बाजूला रचून ठेवले होते. सुभेदारांची तार गुंडाळून वळकटी झाली होती. केळी गेल्या होत्या. जेसीबी पुढं कुठंतरी बांध खरवडत होता, आणि पाणंद, जिचं तोंड अक्षतानं कधी बघितलं नव्हतं, ती शिवाराच्या टोकापर्यंत सरळ दिसत होती. तोंडाशी शेवटचा एक दगडी खांब उरला होता. त्याच्या एका बाजूला नाथाजी, दुसऱ्या बाजूला सुभेदार. दोघं त्याच्याशी झोंबत होते, पण एकमेकांकडं न बघता.

“जरा तिकडनं रेट की,” सुभेदार खांबाला म्हणाले.

“रेटतोयच की. तुजं तूच बघ,” नाथाजीही खांबालाच म्हणाला.

“फौजेत असतास तर कवाच पडला असता खांब.”

“फौजेत असतो तर तुझ्या तारंला कोण नडलं असतं रं, गड्या?”

खांब पडला. दोघंही त्याच्यावरच बसले आणि धापा टाकत हसायला लागले. अक्षताला वाटलं, हे बघायला तरी आपली नोकरी गेली तर चालेल. मग तिला आठवलं, की टोळी येणार नाही हे यांना अजून माहीत नाही.

ऊन वर आलं तसं गाव ऑफिससमोर जमलं. लालासाहेब आले होते, पण कपाटाच्या आडोशाला बसले होते.

“टोळी कुठाय?” नाथाजीनं सुरुवात केली.

“तांत्रिक अडचण झालीया,” कपाटाआडून आवाज आला.

“तांत्रिक म्हंजे?” सुभेदार गरजले. “ऑर्डर एकदा निघाली की निघाली. कुणाची गलती हाय त्यानं फॉल इन व्हायचं. सामने!”

कपाट हललं नाही. अक्षताच पुढं आली. “माझी चूक हाय, आबा. कॉम्प्युटरनं चुकीचं बटण दाबलं. टोळी एकच हाय, आणि संदेश सगळ्यांना गेलाय.”

एकच गलका उडाला.

“माजा गोठा मोडला की वो मॅडम! म्हस उघड्यावर हाय!”

“माझ्या केळी परत लावून देणार का कारखाना?”

“चला रं, तार ओढून घिऊ परत! फुकट कुणासाठी वाट मोकळी ठेवायची?”

माणसं वळायला लागली. तेवढ्यात पायरीवरून एक बारीक आवाज आला. बनुबाई तिथं कधीची येऊन बसली होती. तिच्या हातात जुना मोबाइल होता.

“मला बी मेसेज आलाय, पोरी. वाट न्हाई तर तोड न्हाई, आसं ल्हिवलंय. आता वाट हाय. टोळी येणार का न्हाई, एवढंच सांग. मी मुकाट जाती.”

अक्षतानं तिच्याकडं बघितलं. खरं तर टोळी आज रस्त्याकडेच्या पट्ट्यात जायची होती. बडे पट्टे, सोपी तोड, लालासाहेबांनी कालच क्रम लावला होता. तिनं कपाटाकडं बघितलं. कपाटाआडून काही सूचना आली नाही. तेव्हा ती जे बोलायचं नव्हतं तेच बोलून बसली.

“येणार, मावशी. आजच. आणि पहिली तुमच्याकडं.”

“आँ?” नाथाजी ओरडला. “टोकाची बाई आधी? आन् आमी?”

“संदेश सगळ्यांना गेलाय, तात्या. शब्द सगळ्यांना दिलाय. मग टोळी टोकापासनं सुरू करणार आणि तोडत तोडत रस्त्याकडं येणार. बनुमावशी झाल्या की त्यांच्या अलीकडचा, मग त्याच्या अलीकडचा. ट्रॉल्या सगळ्या पाणंदीनंच जाणार-येणार.” ती बोलता बोलता स्वतःच धीट होत गेली. “आता मधी कुणाला गोठा घालायचा असेल, तार ओढायची असेल, तर ओढा की. मी कोण अडवणारी? फक्त त्याच्या आत ज्यांचा ऊस अडकल, त्यांनी ऑफिसात यायचं न्हाई. त्यांनी त्याच्याच दारात जायचं.”

लोकांनी हिशेब मांडला. प्रत्येकाला आपल्या अलीकडं कोण आहे ते आठवलं. मग प्रत्येकानं आपल्या अलीकडच्याकडं बघितलं. नाथाजीच्या अलीकडं कुणी नव्हतं, त्यामुळं सगळं गाव नाथाजीकडं बघायला लागलं.

“माज्याकडं काय बगताय?” तो म्हणाला. “म्हस काय, चक्कीत बी ऱ्हाती.”

“पाणंदीवर पहारा मी देतो,” सुभेदार म्हणाले. “परिंदा पर नहीं मारेगा.”

दुपारी टोळीचा ट्रॅक्टर दोन रिकाम्या ट्रॉल्या खडखडवत पाणंदीत शिरला. पुढं बनुबाई चालत होती. ट्रॅक्टरवाल्यानं वर बसायला सांगितलं तरी बसली नाही. सारखी मागं वळून बघत होती, ट्रॉली येतेय ना म्हणून. बांधाशी आल्यावर तिनं ट्रॉलीच्या चाकाला हळद-कुंकू लावलं आणि मग बांधावर बसून पदर डोळ्यांना लावला. अक्षता लांब उभी होती. तिनंही फडकं बांधलेला हात डोळ्यांवरून फिरवला, तर बाम डोळ्यांत गेला आणि ती बनुबाईपेक्षा जास्त रडली.

बातमी कारखान्यावर गेलीच. मुख्य शेती अधिकारी वीरधवलसाहेब स्वतः चौकशीला निघाले. ते गटात येणार म्हटल्यावर लालासाहेबांना पुन्हा घामटलं. “साहेब, मी तेव्हा जाग्यावर न्हवतो,” हे वाक्य ते भिंतीकडं तोंड करून घोकत बसले.

वीरधवलसाहेब आले ते रागानं लाल होऊन. “कोण ती मुलगी? आणि काय भानगड हाय ही?” पण ऑफिसात बसायच्या आधी त्यांना शिवार बघायचं होतं. त्यांची जीप पाणंदीत शिरली ती थेट टोकापर्यंत गेली आणि टोकावर वळून परत आली. खाली उतरले तेव्हा ते वेगळ्याच रंगाचे झाले होते.

“लालासाहेब, ही वाट कुणी मोकळी केली?”

लालासाहेब हजार हंगाम खाल्लेले होते. वारं कुठून वाहतंय ते त्यांनी साहेबांच्या तोंडावरून ताडलं. “आमच्याच मार्गदर्शनाखाली, साहेब. अक्षरं मी मोठी केली.”

साहेबांना काही कळलं नाही. त्यांनी दार लोटून घेतलं आणि अक्षताला समोर बसवलं. “खरं सांग. ही चूक परत होईल का?”

“न्हाई साहेब. शब्द देते. परत कधीच होणार न्हाई.”

“तसं न्हवं गं!” साहेब चिडले. “होईल का, असं विचारतोय. शेजारच्या गटात सगळ्या पाणंदी अडकल्यात. मी पाया पडून दमलो. सरपंच दमले. तिथंही एकदा अशीच चूक झाली तर?”

“मग साहेब, सरळ मुद्दामच पाठवू की. वरचं बटण दाबायचं, झालं.”

“मुद्दाम?” वीरधवलसाहेब दचकून मागं सरले. “खोटा संदेश मुद्दाम पाठवला तर चौकशी लागेल. कुणी दाबलं, कुणाच्या सांगण्यावरनं दाबलं! छे छे. चूक मशीनकडनंच व्हायला पाहिजे. आपण फक्त मशीन चालू करायचं आणि बाजूला व्हायचं. हे जमव. तुझ्या कायम नोकरीचं मी बघतो.”

त्या दिवसापासून अक्षताचं उलटंच काम सुरू झालं. आधी ती माकड चुकू नये म्हणून जागी राहायची, आता चुकावं म्हणून. तपासणीसाठी शेतकरी म्हणून वीरधवलसाहेबांनी स्वतःचाच नंबर दिला, आणि माकड सोडलं की टेबलावरचा त्यांचा मोबाइल वाजायचा: ‘आपल्या उसाची नोंद मिळाली. धन्यवाद.’

“साहेब, त्या दिवशी अक्षरं नेमकी किती मोठी केली होती?” तिनं लालासाहेबांना विचारलं.

“किती म्हंजे? डोळ्याला बरं वाटंपत्तूर.”

“मग आता करा की तेवढीच.”

लालासाहेबांनी चाक फिरवलं. पण मधल्या काळात त्यांनी नवा चष्मा केला होता. आता त्यांना बारीक अक्षरंसुद्धा बरी वाटत होती. चष्मा काढायला लावला तर काहीच बरं वाटेना. चाक एक दात खाली घेतलं, दोन दात वर घेतलं. एकदा क्लिक नुसता मोकळ्या जागेत पडला. एकदा खिडकीच बंद झाली. ‘तोड उद्या’वर काही केल्या पडेना. माकडाला थांबायला शिकवलं होतं ते विसरायला लावलं. बारशाचा व्हिडिओ जुन्या जागी ठेवला. नाथाजीला चक्की लावायला सांगितली. त्यानं लावली, तर त्याच आठवड्यात गावात नवा ट्रान्सफॉर्मर बसला होता. वीज ढिम्म बसेना. “ज्वारी संपली माजी,” नाथाजी भिंतीपलीकडून ओरडला, “आता काय खडं दळू?”

शेवटी वीरधवलसाहेब एक दिवस सकाळीच येऊन खुर्चीत बसले. शेजारचा गट वाट बघत होता. लालासाहेबांनी देवाचं नाव घेतलं. अक्षतानं माकड सोडलं आणि दोन्ही हात मागं बांधून उभी राहिली. बाण सरकला, थांबला, नेमका दोन बटणांच्या मधल्या रेघेवर घुटमळला. तिघांनी श्वास रोखले. मग तो अलगद खाली उतरला आणि त्यानं टिचकी मारली.

टेबलावर मोबाइल वाजला. साहेबांनी तो उचलला, वाचला आणि कपाळाला हात लावला.

“परत बरोबर गेला,” ते म्हणाले. “अक्षता, ह्या मशीनचा काय भरवसा न्हाई. उद्या मिस्त्रीला बोलवून दुरुस्त करून घ्या.”